संघटना एका खांद्यावर उभी राहत नसते

धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत सकाळी अकरा वाजता जाऊन बसले की आंबेडकरी चळवळीची एक बाजू दिसते, जी जयंतीच्या मंडपात कधीच दिसत नाही. एकाच विहाराच्या दोन कमिट्या असतात. दोन अध्यक्ष, दोन सचिव, दोन प्रोसिडिंग बुके आणि दोन चेंज रिपोर्ट. एका बाकावर हे, समोरच्या बाकावर ते. दोघांच्याही खिशाला निळा बिल्ला आणि दोघांच्याही फाईलवर बाबासाहेबांचे छायाचित्र. पुकारा झाला की दोन्हीकडचे उभे राहतात, पुढची तारीख घेतात आणि एकमेकांकडे न पाहता एकाच एसटीने एकाच वस्तीत परत जातात. तिकडे विहाराच्या वाचनालयाला कुलूप असते आणि स्पर्धा परीक्षेची पोरे बाहेरच्या ओट्यावर पुस्तके घेऊन बसलेली असतात.

वकिलीच्या व्यवसायात आम्ही अशी प्रकरणे दोन्ही बाजूंनी चालवली आहेत. त्यांची फीसुद्धा घेतली आहे. म्हणून समाजबांधवांनी हा लेख उपदेश म्हणून वाचू नये, कबुलीजबाब म्हणून वाचावा.

या भांडणांच्या मुळाशी अपहार असतो असा बाहेरच्यांचा समज आहे. आमचा अनुभव वेगळा आहे. बहुतेक वेळा अध्यक्ष प्रामाणिकच असतो. पंधरा-पंधरा वर्षे त्याने स्वतःच्या पगारातून विहाराचे लाईट बिल भरलेले असते. पण त्या पंधरा वर्षांत पावती पुस्तक त्याच्या घरी, बँकेचे पासबुक त्याच्या कपाटात आणि विहाराची चावी त्याच्या खिशात असते. सभा त्याच्या सवडीने भरते, ठराव तोच सांगतो, तोच लिहितो आणि इतरांच्या सह्या घरोघर फिरून घेतो. ट्रस्टमध्ये कोणी वारला, कोणी राजीनामा दिला, तर तो बदल ९० दिवसांत कळवावा असे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा सांगतो. पण नऊ-नऊ वर्षे चेंज रिपोर्ट दाखल होत नाही. सरकारी शेड्यूलवर मयतांची नावे तशीच राहतात. मग एक दिवस हा कष्टाळू माणूस आजारी पडतो किंवा जातो आणि दुसऱ्याच दिवशी चावी कोणाकडे या प्रश्नावर संस्था उभी फुटते.

यात चोर कोणीच नव्हता. त्या माणसाने संस्थेसाठी सर्व काही केले, फक्त एक गोष्ट केली नाही. आपल्याशिवाय संस्था चालवतील अशी पाच माणसे तयार केली नाहीत. नेतृत्वाची खरी परीक्षा त्या एका गोष्टीत असते, आणि आम्ही बहुतेक जण त्याच परीक्षेत नापास झालो आहोत.

आज आमची शिकलेली मुले पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांत नोकरीला आहेत. तेथे त्यांना संघबांधणीचे आणि नेतृत्वाचे वर्ग लावतात. मोठ्या हॉटेलात दोन दिवसांचे शिबिर होते, तक्ते दाखवतात, खेळ खेळवतात. मुले ते शिकतात आणि सुट्टीत वस्तीत येऊन म्हणतात, आपल्याकडे हे काही नाही. आमचे त्यांना सांगणे आहे की आपल्याकडे हे होते, आणि फार मोठ्या माणसाने ते चुका करत, ठेचा खात कमावलेले होते. त्या माणसाचा फोटो आम्ही भिंतीवर लावला. त्याची काम करण्याची पद्धत मात्र उचलली नाही.

तीन वृत्तपत्रे, एक धडा

बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले ते ३१ जानेवारी १९२० रोजी. राजर्षी शाहू महाराजांची मदत होती, वाचकांची भूक होती, लेखणीला तर तोड नव्हती. पण त्याच वर्षी ते अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले. पत्र दुसऱ्यांच्या हाती राहिले. पैशाची चणचण होती, चालकांत मतभेद झाले आणि १९२३ साली ‘मूकनायक’ बंद पडले. माणूस दूर गेला आणि पत्र बसले.

पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले. या वेळी बाबासाहेब जागेवर होते. मजकुराचे रकानेच्या रकाने त्यांनी स्वतः लिहून भरले. दिवसा कोर्ट, कॉलेज आणि कौन्सिल, रात्री वृत्तपत्र. आज त्या अंकांची पाने उलटली तरी अंगावर काटा येतो, इतके ते लेखन जिवंत आहे. पण तेही पत्र १९२९ अखेर थांबले. एका माणसाचे बळ, मग तो माणूस बाबासाहेब का असेना, अडीच-पावणेतीन वर्षे पुरले.

आता तिसरे पत्र पाहा. ‘जनता’चा पहिला अंक २४ नोव्हेंबर १९३० रोजी निघाला. त्या दिवशी बाबासाहेब कोठे होते? लंडनला, गोलमेज परिषदेत! संस्थापक सात समुद्रांपलीकडे आणि पत्राचा पहिला अंक मुंबईत छापून वाचकाच्या हातात! संपादक होते देवराव नाईक. पुढे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, भास्करराव कद्रेकर अशा सहकाऱ्यांनी ते सांभाळले. अडचणी आल्या, पैसा नेहमीच कमी पडला. पण हे पत्र पाव शतक पुरले आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘प्रबुद्ध भारत’ हे नाव घेऊन पुढे चालले.

पुढारी तोच, समाज तोच, दारिद्र्यही तेच. दहा वर्षांत बदलले काय? हात वाढले. पहिल्या पत्राच्या वेळी बाबासाहेबांपाशी माणसे तयार नव्हती. दुसऱ्याच्या वेळी काम सगळे त्यांच्याच अंगावर पडले. तिसऱ्याच्या वेळी मात्र त्यांच्याभोवती अशी माणसे उभी होती, की त्यांच्या हाती पत्र सोपवून ते निर्धास्तपणे लंडनला राहू शकले. ही माणसे आकाशातून पडली नव्हती. मधल्या काळात बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली होती आणि महाड घडले होते.

महाडची माणसे

महाड म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे ओंजळीत पाणी घेतलेले बाबासाहेब उभे राहतात. ते चित्र खरेच आहे, पण त्या चित्राच्या कडेला उभी असलेली माणसे आम्ही कापून टाकली आहेत.

१९ आणि २० मार्च १९२७ च्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी धडपड केली ती रामचंद्र बाबाजी मोरे या महाडजवळच्या दासगावच्या तरुणाने. वय अवघे चोवीस. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी गावोगाव फिरून परिषदेची हवा तयार केली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर करून घेतला होता. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. नगरपालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीस होते. सोशल सर्व्हिस लीगमध्ये मुरलेले अनंतराव चित्रे आणि सहस्रबुद्धे होते. सभेचे चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर होते. ठराव कागदावर पडून होता, त्याला पाय फुटले ते या माणसांमुळे. परिषदेच्या पाण्यासाठी त्या गावात चाळीस रुपये मोजावे लागले, हा तपशील आमच्या पोरांना पाठ असतो. पण ते चाळीस रुपये जमवणारे, हंडे वाहून आणणारे, मंडपात कोणी उपाशी राहिला नाही ना हे पाहणारे कोण होते, हे आम्ही कधी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी परिषद संपत आली असताना, आता तळ्यावर जाऊ या, अशी हाक चित्र्यांनी दिली आणि बाबासाहेब पुढे झाले. सहकाऱ्याने व्यासपीठावरून अशी सूचना करावी आणि अध्यक्षाने ती मान्य करून स्वतः आघाडीला जावे, एवढी मोकळीक त्या संघटनेत होती. आमच्या आजच्या सभांत कार्यकर्त्याने अशी सूचना केली, तर आधी विचारले जाते, याला माईक कोणी दिला?

त्याच संध्याकाळी मंडपावर हल्ला झाला. जेवत्या माणसांना मारले. आमच्या लोकांत लष्करातून आलेले पुष्कळ होते. उलट हात उचलला असता तर महाडात रक्ताचा सडा पडला असता आणि पुढचा सगळा लढा दंगलीच्या खटल्यात बुडाला असता. बाबासाहेबांनी लोकांना आवरले आणि लोक थांबले. लोक दहशतीने थांबत नसतात. पुढाऱ्यावर विश्वास असेल तरच खवळलेला माणूस हात खाली घेतो.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी जागा दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. त्या दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. आपली फळी उभी करताना बाबासाहेबांनी माणसाचा जन्म पाहिला नाही, त्याची निष्ठा आणि त्याचे काम पाहिले. आम्ही मात्र आपल्याच लोकांत हा कोणत्या पोटजातीचा, तो कोणत्या जिल्ह्याचा हे पाहत बसलो आहोत.

पण आमच्या दृष्टीने त्या परिषदेतला सर्वांत अवघड क्षण वेगळाच आहे. स्पृश्यांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. हजारो माणसे तळ्यावर जाण्याच्या तयारीने आली होती. पुढे जावे तर कोर्टाचा अवमान, मागे फिरावे तर लोकांचा हिरमोड. बाबासाहेबांनी खोलीत बसून निर्णय घेऊन तो वरून फेकला नाही. त्यांनी लोकांना बोलू दिले, जिल्हाधिकाऱ्यांनाही परिषदेपुढे त्यांची बाजू मांडू दिली आणि मग सत्याग्रह तहकूब का करावा, हे स्वतः समजावून सांगितले. ठराव लोकांनीच मंजूर केला. तळ्याला वळसा घालून मिरवणूक गेली आणि माणसे शिस्तीने घरी परतली. माघारसुद्धा विचार करून घेतली, म्हणून संघटना फुटली नाही.

दहा वर्षांचा खटला

या मनाई हुकुमाचा खटला आम्हा वकिलांना फार शिकवून जातो. बाबासाहेब त्यात वकीलही होते आणि प्रतिवादीही. त्यांच्या जोडीला शिवतरकर आणि इतर सहकारी प्रतिवादी होते. तळे आमच्या खासगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना न शिवू देण्याची वहिवाट अनादि काळापासून आहे, असे वादींचे म्हणणे होते. महाडचे कोर्ट झाले, ठाण्याच्या जिल्हा कोर्टात अपील झाले आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने वादींचे अपील फेटाळले. अशी वहिवाट अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही, असा निकाल झाला.

१९२७ ते १९३७. या दहा वर्षांत सायमन कमिशन झाले, तीन गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली. बाबासाहेब वारंवार देशाबाहेर होते. तरीही महाडच्या एका तळ्याचा दावा कोठे गैरहजेरीत निकाली निघाला नाही, की कागदाअभावी पडला नाही. तारखा सांभाळणे, नकला काढणे, साक्षीदार वेळेवर हजर ठेवणे, नगरपालिकेचे दप्तर मिळवणे या कामांना टाळ्या पडत नाहीत, हार पडत नाहीत. पण खटला याच कामांवर जिंकला जातो. ज्या चळवळीत टाळी नसलेले काम मन लावून करणारा माणूस असतो, तीच चळवळ दहा वर्षे टिकते.

नाशिकचेही तेच. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि पाच वर्षे चालला. तो नाशिकच्या मातीत चालवला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी. बाबासाहेब त्यांना पत्रे लिहीत. त्या पत्रांचे पुस्तक आज उपलब्ध आहे आणि आमच्या मते प्रत्येक तालुका अध्यक्षाने ते वाचावे. दूर राहणारा पुढारी जागेवरच्या सहकाऱ्याला किती विश्वासाने लिहितो, त्याला सल्ला देतो, प्रश्न विचारतो आणि न पटलेले स्पष्टपणे सांगतो, हे त्यात दिसते. विश्वास टाकायचा आणि खबरही घ्यायची, या दोन्ही गोष्टी एकत्र चालल्या पाहिजेत. आम्ही एक तर काम सोपवतच नाही, नाही तर सोपवले की वर्षभर विचारत नाही आणि शेवटी दोष देतो.

आमचा पराभव

हे सगळे आम्हाला पुस्तकातून आधीच ठाऊक होते. तरीही जे व्हायचे ते झाले. काही वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातील एका गावात जयंतीच्या मिरवणुकीवर दगडफेक झाली. बायामाणसे जखमी झाली. बातमी कळताच चार संघटनांचे पुढारी चार गाड्यांतून गावात पोहोचले. आम्हीही त्यात होतो. दोन दिवसांत पोलीस अधीक्षकांना चार निवेदने गेली. प्रत्येक संघटनेचे लेटरहेड वेगळे, प्रत्येकाच्या खाली पीडितांच्या सह्या. बिचाऱ्यांनी, आपली माणसे आली आहेत म्हणून, समोर येईल त्या कागदावर सह्या केल्या. एका निवेदनात दगडफेकीची वेळ रात्री आठची होती, दुसऱ्यात साडेनऊची. एकात सात आरोपी, दुसऱ्यात चौदा. त्या चौदांतला एक इसम त्या दिवशी गावातच नव्हता.

खटला उभा राहिला तेव्हा आरोपींच्या वकिलाने आमचीच चार निवेदने बाहेर काढली. उलटतपासणीत साक्षीदाराला विचारले, ही सही तुमचीच ना? मग खरी वेळ कोणती? त्यातच दोन जखमींचे जातीचे दाखले दाखल झालेले नव्हते. वैद्यकीय प्रमाणपत्र घटनेनंतर चौथ्या दिवसाचे होते, कारण पहिल्या तीन दिवसांत चारही संघटनांचे कार्यकर्ते मोर्चाच्या तयारीत होते. जखमींना सरकारी दवाखान्यात नेणे हे कोणाचेच काम ठरलेले नव्हते. सर्व आरोपी निर्दोष सुटले.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर फिर्यादी आजी बसली होती. ती आम्हाला एवढेच म्हणाली, “वकीलसाहेब, तुम्ही सगळेच आला होता ना?” आम्ही सगळेच आलो होतो. एकत्र मात्र आलो नव्हतो. त्या प्रश्नाला आमच्यापाशी आजही उत्तर नाही. कारण त्या चारांपैकी एका निवेदनाचा मसुदा आमच्याच हातचा होता.

त्यानंतर आम्ही नऊ जण एकत्र बसलो. वेगवेगळ्या संघटनांचे. संघटना कोणीच सोडली नाही, फक्त अत्याचाराच्या प्रकरणात एकच फाईल आणि एकच निवेदन, एवढे ठरवले. कामे वाटली. एकाने प्राथमिक माहिती अहवाल आणि त्यातली कलमे पाहायची. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे का, आरोपपत्र ६० दिवसांत जाते का, यावरही त्यानेच लक्ष ठेवायचे. एकाने जखमींबरोबर दवाखान्यात थांबायचे. एकाने जातीचे दाखले गोळा करायचे. एकाने समाजकल्याण खात्याकडून नियमाप्रमाणे अर्थसाहाय्याचा पाठपुरावा करायचा. दोघांनी साक्षीदारांच्या घरी जात राहायचे. खटला दोन-चार वर्षे चालतो आणि साक्षीदार फुटतो तो बहुधा पैशाने नव्हे, एकटेपणाने. एकाने पत्रकारांशी बोलायचे, बाकीच्यांनी बोलायचे नाही. आणि महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी, प्रकरण असो वा नसो, बसायचे.

यात सर्वांत अवघड काय होते? बाकीच्यांना शिस्त लावणे सोपे गेले. स्वतःच्या हातचा माईक सोडणे अवघड गेले. आमच्या नऊ जणांत पदवीच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती. फाईल तिच्याकडे होती. एका बैठकीत आम्ही एका प्रकरणाची माहिती मोठ्या आत्मविश्वासाने सांगत होतो, तेव्हा ती सर्वांसमोर म्हणाली, “सर, तुम्ही सांगता ती तारीख जामीन अर्जाची आहे, साक्षीची नाही.” क्षणभर राग आला. वीस वर्षे कोर्टात घालवलेल्या माणसाला कालची पोर चूक दाखवते! पण फाईल उघडली तर तिचेच बरोबर होते. त्या दिवशी आम्ही रागावलो असतो तर ती पुन्हा कधी बोलली नसती आणि त्या तारखेला साक्षीदार कोर्टात नसता. माणसाला चूक दाखवण्याची भीती वाटू नये, एवढी काळजी पुढाऱ्याने घेतली तरी अर्धी संघटना बांधून होते.

नंतरचे सगळेच खटले आम्ही जिंकलो असे नाही. पण जातीचा दाखला नाही म्हणून, दोन निवेदने जुळत नाहीत म्हणून एकही प्रकरण त्यानंतर पडलेले नाही.

वज्जींचे बळ

आम्ही बौद्ध आहोत. संघ हा शब्द आम्ही रोज तिसऱ्या शरणात उच्चारतो. महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभीच मगधाचा महामात्य वस्सकार तथागतांकडे येतो आणि अजातशत्रू वज्जींवर चाल करून जाणार असल्याचे सांगतो. तथागत त्याला थेट उत्तर देत नाहीत. ते आनंदाला विचारतात, वज्जी वारंवार सभा भरवतात का? एकत्र जमतात, एकत्र उठतात आणि एकत्र कार्य करतात का? ठरलेले नियम पाळतात का? वडीलधाऱ्यांचे ऐकतात का? स्त्रियांवर जबरदस्ती तर करत नाहीत ना? आणि सांगतात, जोवर हे चालू आहे तोवर वज्जींची वाढच होईल, हानी होणार नाही. वस्सकार काय ते समजतो. अट्ठकथेतली पुढची हकीकत अशी की त्याने फौज नेली नाही, वज्जींमध्ये फूट पाडली. काही वर्षांत त्यांची सभा भरेनाशी झाली आणि मग वैशालीचे दरवाजे लढाईशिवाय उघडले.

तथागतांनी आपल्या मागे कोणी वारसदार नेमला नाही. धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असे सांगितले. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत याच परंपरेची आठवण दिली होती. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम भिक्खू संघाला ठाऊक होते आणि ते तो पाळत होता, हे त्यांनी देशाला सांगितले. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील भक्तीपासून सावधही केले. आम्ही ते भाषण दरवर्षी संविधान दिनाला वाचतो आणि संध्याकाळी आपापल्या साहेबांच्या वाढदिवसाच्या फलकाची वर्गणी काढतो!

इतिहास आम्हाला माफ करत नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष नागपुरात स्थापन झाला आणि दोन-तीन वर्षांतच ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ असे गट पडले. १९९८ साली ऐक्य झाले तेव्हा महाराष्ट्रातून चार रिपब्लिकन खासदार खुल्या लढतीत दिल्लीला गेले. लोकांनी आपले काम चोख केले होते. ऐक्य मात्र नेत्यांना टिकवता आले नाही. वस्सकार बाहेरून येतो हे खरे, पण त्याला आतून दार उघडून देणारेही आम्हीच असतो.

आता काय करावे?

मोठ्या ऐक्याची वाट पाहत बसू नये. ते वरून व्हायचे तेव्हा होवो. आपल्या वस्तीतले विहार, आपले जयंती मंडळ, आपली कर्मचारी संघटना, आपले महिला मंडळ येथून सुरुवात करता येते.

महिन्याची एक तारीख ठरवावी आणि त्या दिवशी बसावे, विषय असो वा नसो. प्रोसिडिंग त्याच बैठकीत लिहून वाचून दाखवावे. अध्यक्षपद तीन वर्षांपुढे एका माणसाकडे ठेवू नये आणि गेलेल्या अध्यक्षाला सल्लागार म्हणून मानाने बसवावे, कारण अपमान करून घालवलेला माणूसच दुसरी कमिटी काढतो. बँकेत दोन सह्या असाव्यात. हिशेब विहाराच्या भिंतीवर लावावा. प्रत्येक कामाला एक नाव असावे आणि त्या नावामागे आणखी एक शिकणारे नाव असावे. चेंज रिपोर्ट मुदतीत भरावा, ते काम आमच्यासारखे कितीतरी वकील फी न घेताही करून देतील.

आणि शेड्यूल काढून पाहावे, त्यात महिला किती आहेत. विहार बांधताना विटा वाहणाऱ्या, वर्षावासात रोज ग्रंथवाचनाला बसणाऱ्या, दहा-दहा रुपये गोळा करणाऱ्या आमच्या आयाबहिणी विश्वस्तांच्या यादीत नसतात. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली हजारो दलित महिलांची परिषद झाली होती. त्या पिढीच्या नाती आज पदवीधर आहेत आणि आम्ही त्यांच्याकडे फक्त खीरदानाची व्यवस्था सोपवतो.

कचेरीतल्या ज्या दोन कमिट्यांपासून हा लेख सुरू केला, त्यांतल्या एकीचे वकीलपत्र आजही आमच्याकडे आहे. पुढच्या तारखेला युक्तिवाद करण्याआधी आम्ही दोन्ही बाकांवरच्या माणसांना एकच विनंती करणार आहोत. दावा चालायचा तो चालो. पण वाचनालयाची चावी दोघांपैकी कोणाकडेही न ठेवता ओट्यावर बसणाऱ्या त्या पोरांच्या हाती द्या. वेळापत्रक ती करतील, झाडलोटही ती करतील, वर्तमानपत्राचे बिलही वर्गणीने भरतील. पाच-दहा वर्षांनी नवी कमिटी लागेल तेव्हा ती दुसरीकडून शोधावी लागणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!